घोड्याखालची जमीन

मार्च 1679 मध्ये पोलंड-लिथुआनियाचा राजा यान सोबिएस्की याने एक सनद दिली. तिच्यामागचं कारण अगदी व्यवहारी होतं. तातार स्वारांची तलब तुंबली होती आणि ती चुकवायला खजिन्यात पैसा नव्हता. म्हणून रोखीऐवजी जमीन द्यायचं ठरलं. ग्रोदनो आणि ब्रेस्त इथल्या राजाच्या खासगी महालांतली काही गावं तातार सरदारांना आणि त्यांच्या स्वारांना हुद्द्याप्रमाणे वाटून दिली गेली. क्रुशिन्यानी गाव सामुएल मुर्झा क्षेचोव्स्की या कर्नलच्या वाट्याला आलं, बोहोनिकी आणि स्तुजांका इथे दुसऱ्या तुकड्या बसल्या. ज्यांना ही जमीन मिळाली ते मुसलमान होते आणि देणारा राजा कॅथलिक होता. आणखी चारच वर्षांनी हाच राजा व्हिएन्नाच्या वेढ्यात ऑटोमन फौजेचा पराभव करून सगळ्या ख्रिस्ती युरोपचा त्राता ठरणार होता, आणि त्या लढाईतही त्याच्या बाजूने तातार स्वार होतेच. पुढच्या शतकात लिथुआनियाच्या सैन्यात जी तातार रेजिमेंट नावारूपाला आली, युझेफ बिएलाक या तातार सेनानीची आघाडीरक्षकांची चौथी रेजिमेंट, तिची मुळं मला या सनदेत दिसतात. या रेजिमेंटची गोष्ट एरवी दोनच चालींवर सांगितली जाते. एक चाल धार्मिक सहिष्णुतेची, दुसरी मातृभूमीवरच्या निष्ठेची. दोन्ही कानाला गोड लागतात. पण कागद पाहिले तर तिथे हिशोब दिसतो: जमीन किती, घोडे किती, तलब किती थकली. तो हिशोब दोन्ही बाजूंनी जेवढा चोख ठेवला गेला, तेवढी ही रेजिमेंट टिकली.

हा व्यवहार सोबिएस्कीने नव्याने शोधून काढला नव्हता. चौदाव्या शतकाच्या अखेरीस तैमूरकडून मार खाऊन तोख्तामिश हा सुवर्ण टोळीचा (गोल्डन होर्डचा) खान लिथुआनियाच्या ग्रँड ड्यूक व्हितौतासच्या आश्रयाला आला. त्याच्याबरोबर आणि त्याच्या मागोमाग आलेल्या तातारांना व्हितौतासने विल्निअस, त्राकाय, ग्रोदनो या टापूंत जमिनी दिल्या. अट एकच होती. हाक आली की आपला घोडा, आपलं हत्यार आणि आपली माणसं घेऊन हजर व्हायचं. 1410 च्या ग्रुनवाल्डच्या लढाईत तोख्तामिशचा मुलगा जलालुद्दीन लिथुआनियाच्या बाजूने लढला, तेव्हा ही अट पाळली जात होती. या जमीनधारक तातारांची पथकं त्यांच्या जुन्या कुळांच्या नावाने ओळखली जात: उलान, युशिन, नायमान, यालाइर, कोंद्रात, बारिन. शहरांच्या कडेला राहणाऱ्या गरीब तातारांना ही जमीन नव्हती. ते कातडी कमावत, भाजीचे मळे करत, गाड्या हाकत. लष्करात मान होता तो जमीनवाल्या तातारांना. एक गोष्ट मात्र हातातून निसटली, ती म्हणजे भाषा. दोनेक शतकांत या लोकांची तुर्की बोली गेली आणि घरात बेलारुसी आणि पोलिश आली. धर्म तोच राहिला, लिपीही अरबीच. त्यामुळे त्यांच्या घरांत 'किताब' नावाच्या ज्या हस्तलिखित वह्या असत, त्यांत मजकूर स्लाव्ह भाषेतला आणि अक्षरं अरबी. ज्या स्लाव्ह उच्चारांना अरबीत अक्षर नव्हतं, त्यांच्यासाठी आहे त्याच अक्षरांना जास्तीचे ठिपके देऊन नवी अक्षरं बनवली होती. नावांचंही तेच झालं. अहमदचे वंशज अख्मातोविच झाले आणि युसुफचा युझेफ झाला.

मुसलमानांनी आपला धर्म राखून तीन-चारशे वर्षं ख्रिस्ती राज्यात लष्करी चाकरी केली, ही गोष्ट त्या काळच्या युरोपात दुर्मीळ आहे यात शंका नाही. सहिष्णुतेच्या चालीवर गोष्ट सांगणारे इथेच थांबतात. पण मग 1588 च्या लिथुआनियन कायदेसंहितेचं काय करायचं? त्या संहितेने ख्रिस्ती माणसांवर हुकूम चालवण्याचे तातारांचे हक्क आखडले. 1609 मध्ये जमावाने त्राकायची मशीद पाडली. 1616 मध्ये तातारांनी ख्रिस्ती बायका करू नयेत असा कायदा झाला, त्याला देहदंडाची धमकी होती, आणि त्याच वर्षी तातारांना शिव्या घालणारी 'अल फुर्कान तातारस्की' ही पोथी छापून आली. तरीही 1631 मध्ये यान किएर्देय या राजअधिकाऱ्याने तातारांच्या जमिनींची पाहणी करून कोणाकडे किती जमीन आणि कोणावर किती घोड्यांची चाकरी याची नोंद केली. मला 1616 आणि 1631 या दोन तारखा शेजारी ठेवून वाचाव्याशा वाटतात. एका हाताने हक्क कमी होत होते आणि दुसऱ्या हाताने घोडे मोजले जात होते. राज्याला तातारांचा धर्म खटकत होता, तो सहन केला गेला तो घोड्यांसाठी. या पाहणीमागे आणखी एक काळजी होती. वारसांत वाटणी होत होत जमिनीचे तुकडे पडत होते. तुकड्यावर घोडा पोसता येत नाही, आणि घोड्यावाचून जमिनीवरचा हक्क टिकत नाही. सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत बरेच तातार जमिनीच्या चाकरीऐवजी रोख पगाराच्या पथकांत शिरले होते, ते याच ओढाताणीमुळे.

आणि पगार थकला तेव्हा काय झालं हे 1672 ने दाखवलं. पोदोलिया आणि व्होलिनिया भागात पोलिश चाकरीत असलेली तातार पथकं, ज्यांना लिपका म्हणत, ऑटोमन सुलतानाच्या बाजूला गेली. तक्रारी दोन होत्या, तुंबलेली तलब आणि मशिदी व जुन्या हक्कांवरची बंधनं. त्यांचा पुढारी अलेक्सांदर क्रिचिन्स्की याला सुलतानाने बार शहराचा बे केलं. पुढच्या वर्षांत सोबिएस्कीने बार घेतलं, माफी जाहीर झाली, बरेच जण परतले. 1676 च्या झुराव्नोच्या तहात लिपकांना कोणत्या बाजूला राहायचं ते निवडण्याची मुभा मिळाली. आणि मग 1679 ची सनद आली. तीत थकलेल्या तलबेची भरपाई तर होतीच, शिवाय फितुरीचं कारणही पुसलं जात होतं. राजाने माणसं पुन्हा विकत घेतली, असं कोणी म्हणेल. मी म्हणेन, मोडलेला करार त्याने पुन्हा लिहिला.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो जुना आहे. 1672 नंतर पोलिश मनात लिपका म्हणजे फितूर हे समीकरण पक्कं बसलं. हेन्रिक सिएनकिएविच यांच्या 1888 च्या 'पान वोवोदियोव्स्की' कादंबरीतल्या आझिया या तातार खलनायकाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. गंमत अशी की सिएनकिएविच यांच्या वडिलांचं घराणं तातार वंशाचंच. पण हा आक्षेप एका साध्या तुलनेपुढे टिकत नाही. पोलंड-लिथुआनियाच्या सैन्यात पगार थकला की सैनिकांनी संघ बांधून सरदारांविरुद्ध उभं राहणं हा जवळजवळ रिवाज होता, आणि हे सैनिक ख्रिस्ती उमरावच असत. 1662 मध्ये लिथुआनियाच्या बंडखोर सैनिकांनी आपलाच सेनापती विन्सेंती गोसिएव्स्की याला ठार मारलं. त्या सैनिकांना कोणी धर्मद्रोही म्हटलं नाही, पगाराचं भांडण म्हणून ते इतिहासात जमा झालं. तातारांनी तेच भांडण केलं. फरक एवढाच की त्यांच्याकडे जायला दुसरा दरबार होता, तो मुसलमान होता, आणि तेवढ्याने त्यांच्या भांडणाला धर्माचा रंग चढला. लिपकांनी ख्रिस्ती राज्याचं नुकसान केलं, हे खरं आहे. पण ते जसे गेले तसेच माफी आणि जमीन मिळताच परत आले. धर्मासाठी गेलेली माणसं चार शेतांसाठी परत येत नाहीत.

अठराव्या शतकात हा करार नव्या कपड्यांत आला. 1717 च्या सेयमने, म्हणजे संसदेने, सैन्याची मर्यादा ठरवून टाकली: पोलंडसाठी 18,000 आणि लिथुआनियासाठी 6,000. तेसुद्धा कागदावर. एवढ्या अवाढव्य देशाला एवढं लहान सैन्य, त्यामुळे स्वस्तात उभं राहणारं चपळ घोडदळ मोलाचं ठरलं. सॅक्सनीचाही राज्यकर्ता असलेला राजा ऑगस्टस दुसरा याच्या चाकरीत अलेक्सांदर उलान नावाचा तातार कर्नल होता. त्याच्या माणसांना 'उलानचे' म्हणता म्हणता 'उलान' हा शब्दच हलक्या भालाईत स्वारांचं नाव बनला. त्याच्याही मागे तुर्की 'ओग्लान' आहे, म्हणजे मुलगा, तरुण. सुवर्ण टोळीत गादीवर न बसलेल्या राजवंशीयांना ही पदवी असे. एका कर्नलचं आडनाव आणि त्यामागची एक जुनी पदवी, दोन्ही मिळून सगळ्या युरोपच्या घोडदळाला शब्द मिळाला. या पथकांची घडण आपल्याकडच्या शिलेदार-बारगीर व्यवस्थेच्या जवळची होती. 'तोवाझिश' म्हणजे सोबती हा स्वतःच्या घोड्याचा आणि हत्याराचा मालक, आणि तो आपल्याबरोबर एक-दोन चाकर स्वार आणी. त्यांची हजेरी, खाणं आणि घोडे याला तोच जबाबदार. पगार मिळे तो सोबत्याला, प्रत्येक घोड्यामागे. म्हणजे पथक हा खरं तर लहान लहान धंद्यांचा संघ होता. असा सोबती पगार बुडाला की गप्प बसणार नाही, आणि पगार मिळाला की स्वतःचा घोडा वाचवण्यासाठी डोकं लावून लढेल.

हे डोकं लावून लढणंच बाहेरच्या दरबारांना हवं होतं. सप्तवार्षिक युद्धाच्या सुरुवातीला, ऑक्टोबर 1756 मध्ये, सॅक्सनीचं सगळं सैन्य पिर्नापाशी प्रशियाला शरण गेलं. सॅक्सनीचा राज्यकर्ता तेव्हाही पोलंडचा राजा होता, आणि त्याच्या उलान पथकांपैकी रेनार्ड आणि रुद्निकी यांची पथकं तेव्हा पोलंडमध्ये होती म्हणून वाचली, आणि पुढे ती ऑस्ट्रियाच्या बाजूने लढली. त्याआधीच फ्रान्समध्ये मार्शल द साक्स याने 1743 मध्ये स्वतःची स्वयंसेवक पलटण उभी करून तिच्यात उलान ठेवले होते. तो स्वतः ऑगस्टस दुसऱ्याचा अनौरस मुलगा, म्हणून त्याला हा माल माहीत होता. नेपोलियनच्या सैन्यातल्या पोलिश भालाईतांनी या तऱ्हेच्या घोडदळाचा दबदबा वाढवला आणि 1816 मध्ये इंग्रजांनीही आपल्या काही हलक्या ड्रॅगून रेजिमेंट भालाईत केल्या. त्यांतलीच सोळावी लान्सर्स ही रेजिमेंट डिसेंबर 1843 मध्ये ग्वाल्हेरजवळ महाराजपूरच्या रणात शिंद्यांच्या फौजेसमोर उभी होती. चौकोनी माथ्याची पोलिश टोपी आणि टोकाला झेंडी लावलेला भाला चंबळच्या खोऱ्यापर्यंत पोचला तो या वाटेने. त्या दिवशी शिंद्यांच्या तोफखान्यावरच्या कोणालाही नेमन नदीकाठच्या तातारांची कल्पना असण्याचं कारण नव्हतं.

आता दुसरा आक्षेप, जो मला जास्त गंभीर वाटतो. बिएलाकच्या काळात ज्या रेजिमेंटना तातार म्हटलं जात होतं, त्या खरोखर किती तातार होत्या? त्यांच्या हजेरीत गरीब ख्रिस्ती उमरावांची नावं होती, आणि उलट बाजूने बरेच तातार इतर पथकांत चाकरी करत होते. म्हणजे 'तातार' हे लढण्याच्या पद्धतीचं नाव झालं होतं, जातीधर्माचं नव्हे, असं म्हणता येईल. मला हे मान्य आहे, पण त्यातून माझा मुद्दा ढासळत नाही, घट्टच होतो. जर ही रेजिमेंट धर्माची असती, तर तिच्यात ख्रिस्ती उमराव का आले असते? जर राजाला ती एका जमातीची म्हणून हवी असती, तर त्याने बाकीच्यांना बाहेर ठेवलं असतं. ज्याच्याकडे घोडा आणि थोडी जमीन आहे आणि ज्याला सोबती म्हणून पगार हवा आहे, अशा माणसांसाठी ती जागा होती. तातार त्यात जास्त होते कारण या व्यवस्थेत ते पिढ्यान्‌पिढ्या मुरले होते. आणि तातार असण्याचा एक भाग तरी रेजिमेंटने शिल्लक ठेवला. कर्नल तातार, बरेच अधिकारी तातार, आणि गावाकडे मशीद. क्रुशिन्यानीची आजची लाकडी मशीद अठराव्या शतकाच्या अखेरची मानली जाते. ती बाहेरून पाहिली तर खेड्यातलं चर्च वाटावं अशी, पुढे दोन चौकोनी बुरुज, वर चंद्रकोर. बांधणारे सुतार त्याच भागातले, त्यांना जे येत होतं ते त्यांनी बांधलं. आत बायकांचा भाग भिंतीने वेगळा काढलेला आहे, आणि भिंतीत एक लांबट आडवी फट आहे, इमामचं बोलणं पलीकडे ऐकू जावं म्हणून.

युझेफ बिएलाक याच गावांच्या जगातला. त्याने रशियाविरुद्धच्या बारच्या संघाच्या बंडात भाग घेतला, 1771 मध्ये लिथुआनियाचा सेनापती ओगिन्स्की याच्याबरोबर तो स्तोवोविचेच्या लढाईत होता. तिथे रशियन सेनापती सुवोरोवने रात्रीच्या छाप्यात ओगिन्स्कीची दाणादाण उडवली. तरी बिएलाक पुढे लिथुआनियाच्या सैन्यात मेजर जनरल झाला. इथे एक विसंगती नजरेआड करण्यासारखी नाही. हा मनुष्य सेनानी होऊ शकत होता, पण ज्या प्रांतिक सभांत गरिबातला गरीब ख्रिस्ती उमराव हात वर करून मत देई, तिथे तातार म्हणून त्याला जागा नव्हती. जमिनीचे हक्क उमरावाचे, राजकीय हक्क नाहीत. सहिष्णुतेची चाल गाणाऱ्यांना हा सूर कुठे बसवायचा ते सांगता येत नाही. हिशोबाच्या चालीत मात्र तो सहज बसतो. राज्याने जे मागितलं त्याची किंमत दिली, जास्त काही दिलं नाही.

आणि तरीही 1792 चा उन्हाळा या हिशोबाला अडचणीत टाकतो, हे मी झाकून ठेवणार नाही. चार वर्षं चाललेल्या सेयमने सैन्य 1,00,000 पर्यंत वाढवण्याचा ठराव 1788 मध्ये केला, पण पैसा तेवढा उभा राहिला नाही आणि आकडा 65,000 वर आणावा लागला. 3 मे 1791 ची राज्यघटना मोडायला रशियाचं सैन्य आलं. लिथुआनियाच्या बाजूने युदित्स्की या सेनापतीने जूनमध्ये मीरपाशी हार खाल्ली, बिएलाक त्या लढाईत होता. राजाने पुढे शरणागती पत्करली. 1794 मध्ये रशियाविरुद्ध कोशचुश्कोचा उठाव झाला तेव्हा बिएलाक पुन्हा रणात उतरला आणि त्याच वर्षी मरण पावला. दुसरा तातार कर्नल याकुब अझुलेविच विल्निअसच्या बचावात मारला गेला. ज्या राज्याकडे पगाराला पैसा उरला नव्हता, त्याच्यासाठी ही माणसं का मेली? निष्ठा म्हणणाऱ्यांचा हा सगळ्यात भक्कम पुरावा आहे. माझं उत्तर अर्धंच आहे. तातारांच्या जमिनीचा आधार त्या राज्याचे कायदे आणि सनदा होत्या. ते राज्य गेलं तर सनदा कोणापुढे दाखवायच्या? त्या दृष्टीने मरत्या राज्याला वाचवणं म्हणजे आपल्या जमिनीचा कागद वाचवणं होतं. पण अझुलेविच शहराच्या वेशीवर पडला तेव्हा त्याच्या मनात कागदच होता, असं म्हणण्याचा हक्क मला नाही. हिशोबाने माणूस रणापर्यंत येतो. तिथे पोचल्यावर तो का थांबतो, याचा हिशोब कोणत्याच पाहणीपुस्तकात सापडत नाही.

1795 ला शेजारी राज्यांनी केलेल्या वाटणीत हे राज्य नकाशावरून गेलं. त्यानंतर जे झालं त्याने माझा मुद्दा पुन्हा उभा राहतो. प्रशियाने आपल्या वाट्याला आलेल्या प्रदेशात त्याच वर्षी यानुश मुर्झा बारानोव्स्की याच्या हाताखाली तातार पथक उभारलं. रशियाने 1797 मध्ये लिथुआनियन-तातार घोडदळ रेजिमेंट काढली आणि 1803 मध्ये तिच्या दोन केल्या. ज्यांनी देश वाटून घेतला त्यांनीच तातारांचा करारही वाटून घेतला. जमिनी राहिल्या, मशिदी राहिल्या, घोडे दुसऱ्या झेंड्याखाली गेले. या स्वारांना भाडोत्री म्हणून मोकळं होणाऱ्यांनी हे पाहावं की ते एका राज्याकडून दुसऱ्याकडे भटकत गेले नाहीत. ते आपल्या शेतांवर बसून होते आणि राज्यंच त्यांच्या अंगणातून पुढेमागे सरकली. भाडोत्री शिपाई पगाराच्या मागे गाव सोडतो. हे पगारासाठी भांडले, पण गाव त्यांनी सोडलं नाही.

म्हणूनच 1812 चा प्रसंग मला बोलका वाटतो. नेपोलियन विल्निअसला आला तेव्हा त्याच्या शाही गार्डसाठी तातारांची एक अख्खी रेजिमेंट उभी करण्याचा बेत झाला. मुस्तफा अख्मातोविचने माणसं गोळा करायला घेतली. भाषणं झाली, जुन्या पराक्रमांची आठवण दिली गेली. पण नव्या सम्राटाकडे वाटायला गाव नव्हतं, आणि तो किती दिवस टिकेल याचा भरवसा कोणाला नव्हता. रेजिमेंटऐवजी जेमतेम एक तुकडी जमली. अख्मातोविच डिसेंबर 1812 मध्ये त्याच विल्निअसच्या रस्त्यांवर, माघारीच्या गर्दीत मारला गेला. उरलेल्या मूठभर स्वारांना घेऊन जो अधिकारी जर्मनी आणि फ्रान्सपर्यंत गेला आणि 1814 ला नेपोलियनबरोबर ही तुकडीही संपेपर्यंत तिच्यासोबत राहिला, त्याचं नाव होतं सामुएल उलान.